सूची कोणी करावी?

सराफ्याला वेळेचे भान आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस, जिलबी आणि हिवाळ्यात गराडू यांच्या कढया चढतात. जागा तीच, पण प्रत्येक गोष्टीचा प्रहर ठरलेला. हा क्रम कोणी उलटा केला, तर अवघे इंदूर त्याला हसेल.

गेल्या हिवाळ्यात या क्रमाची आठवण आम्हांस एका निराळ्याच प्रसंगी झाली. दहावीतील एका विद्यार्थ्याचे घर सराफ्यात, पेढीच्या वरच्या मजल्यावर आहे. त्याच्या आजोबांजवळच्या जुन्या ध्वनिमुद्रिका त्याने संगणकात उतरवून घेतल्या होत्या. त्या ऐकण्यास आम्हांस बोलावणे आले. मुलाने पडद्यावरील काळ्या चौकटीत एक ओळ लिहिली : ‘एलएस’ ही दोन अक्षरे, मग तारका व ‘.एमपी३’, मग बाणासारखे एक चिन्ह आणि शेवटी सूचीचे नाव. पापणी लवण्यापूर्वी सूची तयार! आम्ही थक्क झालो.

सूचीत आरंभी उस्ताद अमीर खाँ यांची तीन गायने होती. खाँसाहेबांचे (१९१२–१९७४) नाव इंदूरशी कायमचे जोडलेले आहे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी वादक होते. सूर्य मावळत होता, आणि सूर सुरू झाले ते दरबारीचे. आजोबा हसून म्हणाले, “सर, दिवेलागण व्हायच्या आधीच मध्यरात्र झाली की हो!”

दोष यंत्राचा नव्हता. त्याने अक्षरांच्या क्रमाने नावे मांडली : दरबारी, मारवा, ललित. परंतु मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा आणि ललित पहाटेचा. संगणकाला ‘द’ आणि ‘म’ ठाऊक. संध्याकाळ ठाऊक नाही. मुलाने मग सर्व गायनांच्या नावांमागे आकडे घातले, तर १ नंतर १०, ११, १२ आले आणि २ मागे राहिला. कारण यंत्र आकडाही अक्षरासारखाच, पहिल्या चिन्हापासून वाचते. अखेर ०१, ०२, ०३ असे लिहिल्यावर सूची शहाण्यासारखी वागू लागली.

येथे सूची म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. तिच्यात गाणे नसते. गाण्याचा पत्ता असतो. ती साध्या मजकुराची एक चिठ्ठी आहे : एका ओळीस एक पत्ता. ही ‘एम३यू’ नावाची पद्धत फ्राउनहोफर या जर्मन संस्थेने १९९५ साली निघालेल्या आपल्या विनप्ले-३ या कार्यक्रमासाठी योजिली. पत्त्याच्या वर आणखी एक ओळ लिहून गाणे किती सेकंदांचे आणि कोणाचे, हेही नोंदविता येते. ‘एम३यू८’ या प्रकारात तर सर्व नावे शुद्ध देवनागरीत लिहिता येतात. मात्र संगणकाच्या मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहिला आणि गाणी दुसऱ्या संगणकावर नेली, तर चिठ्ठी व्यर्थ होते. ‘माझ्या शेजारच्या कप्प्यात’ असा जवळचा पत्ता लिहिला, तर गाणी व चिठ्ठी बरोबर कोठेही जाऊ शकतात. बिऱ्हाडे बदलणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

काही पालक विचारतात, “हा खटाटोप कशाला? मोबाइल एकामागून एक गाणी आपोआप लावतो.” खरे आहे. थकलेल्या माणसाने तसे ऐकावे. त्यात पाप नाही. परंतु ती सूची ज्याने केली, त्याच्या भांडारात जे आहे तेवढेच तो देणार. जे तेथे नाही, ते मागण्याचीही सवय हळूहळू मोडते.

आमचे उदाहरण सांगतो. आमची मातृभाषा कोंकणी. पौषातल्या चांदण्या रात्री आमच्या गावी बायका समोरासमोर दोन रांगा करून धालो खेळतात. आईने गायिलेली धालोची गाणी आम्ही कॅसेटवर घेतली होती व पुढे ती संगणकात उतरवली. नावे दिली ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’. पुढे कधीतरी नीट लिहू म्हणून ठेवली. या गाण्यांनाही क्रम असतो. आरंभाची वेगळी, समाप्तीची वेगळी. तो क्रम आईला ठाऊक होता. आता आई नाही. आज एका आज्ञेसरशी त्या साऱ्या गाण्यांची सूची होते. पण पहिल्या रात्रीचे कोणते आणि निरोपाचे कोणते, हे कोणतीही आज्ञा आम्हांस सांगू शकत नाही. हा दोष सर्वस्वी आमचा आहे.

म्हणून आमचे मत असे, की विद्यार्थ्यांनी ही एक ओळीची आज्ञा अवश्य शिकावी. ती लिहिताना आपल्याला नेमके काय हवे, हे आधी ठरवावे लागते. आणि मनाला असे वळण लावणे हेच शिक्षणाचे मोठे काम आहे. परंतु त्याहून आधी घरातील वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावे. हे गाणे कोणाचे, कोणत्या वेळेचे, कशानंतरचे, हे विचारून लिहून घ्यावे. मांडणी यंत्र क्षणात करील. नावे व क्रम माणसानेच द्यावे लागतात, आणि ती देणारी माणसे कायमची आपल्याजवळ नसतात.

विद्यार्थिमित्रहो, सुटीचे दिवस जवळ आले आहेत. ‘ट्रॅक १’ असे नाव तुमच्या घरी कोठे पडून असेल, तर आजच विचारा.