कळवळ्याला दाखला कशासाठी?

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर येथे राजबाग नावाची जागा आहे. एके काळी ती राज कपूर यांची शेतवाडी होती. आज तेथे विद्यापीठ उभे असून चित्रपटकलेचेही शिक्षण दिले जाते. याच रस्त्याने चौफुल्यापर्यंत गेले की लावणीची कला केंद्रे लागतात. चित्रपट आणि तमाशा असे एकाच वाटेवर असलेल्या या भागात ‘नाच्या’ कोण, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्याच्याकडे पाहणाऱ्या आपल्या दृष्टीचा विचार क्वचितच होतो.

रवी जाधव यांनी लागोपाठ दोन चित्रपट दिले. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ 2010 साली आला आणि ‘बालगंधर्व’ 2011 साली. दोहोंचा नायक स्त्रीवेष धारण करणारा पुरुषच. पण एकाला समाजाने डोक्यावर घेतले, तर दुसऱ्याला पायदळी तुडविले. नारायणराव राजहंसांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. सरकारने 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. पुण्यातील रंगमंदिराला त्यांचे नाव लाभले. उलट ‘नटरंग’मधील गुणा कागलकर हा मजूर. विहिरीवर पंप बसतो, मजुरी बुडते आणि तो तमाशाचा फड उभारतो. त्याला राजा व्हायचे असते. पण फडाला नाच्या हवा असतो आणि तो मिळत नाही, म्हणून पिळदार शरीराचा हा गडी कंबर लचकवू लागतो. मग गाव हसते, घर दुरावते, त्याच्यावर अत्याचारही होतो. वेष दोघांचाही स्त्रीचाच. फरक होता तो प्रतिष्ठेचा, जातीचा आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचा.

येथवरचे विवेचन बहुतेकांना पटेल. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गुणासाठी प्रेक्षकांचे डोळे पाणावतात ते कशामुळे? तो ‘तसा’ नाही, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून. तो पैलवान आहे, संसारी आहे, केवळ कलेपायी हे सोसतो आहे, अशी आपली खात्री चित्रपटाने आरंभीच पटविलेली असते. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’तही (2009) हेच घडते. उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा तायाप्पा हा बळेच जोगता केलेला तरुण. अखेर तो लुगडे टाकून पुरुषाचा वेष घेतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. दोन्ही चित्रपट प्रामाणिक आहेत, धीटही आहेत. परंतु त्यांनी जागविलेला कळवळा पुरुषत्वाचा दाखला पाहूनच पाझरतो. ज्याच्यापाशी असा दाखला नाही, ज्याला लुगडे टाकावयाचेच नाही, त्याचे काय?

गणपत पाटील यांच्या आयुष्यात या वृत्तीचा प्रत्यय आला. मराठी पडद्यावर नाच्याची भूमिका त्यांनी अजरामर केली. पण ती प्रतिमा प्रत्यक्ष जीवनातही त्यांना चिकटली आणि कुटुंबालाही तिचा ताप झाला. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या बाजूने बोलणारेही ‘ते बायकामुलांचे गृहस्थ होते’ एवढेच सांगत राहिले. जणू ते तसे नसते, तर हेटाळणी रास्तच ठरली असती!

येथे एका स्पॅनिश चित्रपटाची आठवण होते. पेद्रो अल्मोदोवार यांच्या ‘ऑल अबाउट माय मदर’मध्ये (1999) अग्रादो नावाची, पुरुषदेहात जन्मून स्त्री झालेली व्यक्ती आहे. नाटकाचा प्रयोग ऐनवेळी रद्द होतो, तेव्हा ती रंगमंचावर येऊन आपल्या देहावरील शस्त्रक्रियांचा खर्च एकेक करून पेसेटांमध्ये सांगते. प्रेक्षक हसतात, टाळ्याही वाजवितात. ती दया मागत नाही, आपण मुळात कोण होतो याचा खुलासाही करीत नाही. जे व्हावेसे वाटले त्याची किंमत मोजली, एवढाच तिचा हिशेब. किंमत गुणाही मोजतो. पण त्याला ती ‘पुरुष असूनही’ मोजावी लागली, याचेच आपल्याला दुःख होते.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला. आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केला. 2018 मध्ये सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. तथापि 2019 च्या कायद्याने तृतीयपंथीयांना ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयास लावलेच. दाखल्याची सवय सरकारलाही सुटली नाही.

कलाकृतीने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी अपेक्षा अर्थातच करता येणार नाही. गुणाची कथा ही कलावंताची कथा आहे, हेही खरे. पण प्रेक्षक चित्रपटगृहातून काय घेऊन बाहेर पडतो, याची जबाबदारी प्रेक्षकाचीच असते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात लुगडे नेसून नाचणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी त्याच चालीने व्हरांड्यातून जाणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हाक मारली जाते. अशा वेळी मध्ये पडणारा शिक्षकही बहुधा ‘तो तसा नाही रे’ असेच म्हणतो. त्याने ‘असला तर काय झाले?’ असे विचारावयास हवे. तो प्रश्न ज्या दिवशी सहजपणे विचारला जाईल, त्या दिवशी गुणासाठी ढाळलेल्या अश्रूंचे चीज होईल.