ग्रंथप्रामाण्य आणि रमाबाई : एका सोयीस्कर वाचनाविषयी

पंडिता रमाबाईंविषयीच्या आपल्या लेखनात एक वाटणी रूढ झाली आहे. १८८७ मध्ये मनुस्मृतीला जाब विचारणाऱ्या रमाबाई बंडखोर. केडगावच्या मुक्तिसदनात बायबलपुढे नतमस्तक होणाऱ्या रमाबाई शरणागत. पहिल्या आपल्या, दुसऱ्या मिशनच्या. ही वाटणी खोटी आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला वाद अधिकाराचा आहे. त्रित्वाच्या सिद्धान्तापाशी रमाबाई अडतात, आणि चर्चच्या निर्णयासमोर ख्रिस्ताचे वचन व स्वतःचा सदसद्विवेक उभा करतात. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्यास त्या साफ नकार देतात. चर्चला नकार देण्याचे बळ त्यांना ग्रंथप्रामाण्यानेच पुरवले, ही गोष्ट आमच्या समीक्षेला पचत नाही.

कारण ग्रंथप्रामाण्य म्हणजे पुरोहितप्रामाण्य, हे समीकरण आपल्या हाडीमाशी खिळले आहे. नर्सी-औंढ्याच्या परिसरात शिकवताना मला ते रोज भेटते. नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा येथील विद्यार्थ्याला पाठ असते. पोथीहून गुरू थोर, हे त्याला सिद्ध करावे लागत नाही. रमाबाई मात्र पुराणे सांगत देशभर हिंडलेल्या, आणि संस्कृत येऊनही वेद स्त्रीला वर्ज्य मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या. पोथी कोणाच्या हातात आहे, या प्रश्नाचे मोल त्यांना ठाऊक होते.

म्हणूनच हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेला बायबलचा अनुवाद (संपूर्ण प्रकाशन १९२४, मृत्यूनंतर दोन वर्षांनी) रुक्ष म्हणून बाजूला सारणे मला अक्षम्य वाटते. हिंदू धर्मकल्पनांचे संस्कार वाहणारे संस्कृत शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळले; अल्पशिक्षित बाईला मध्यस्थावाचून वाचता येईल अशी मराठी शोधली. शैलीचे गुणदोष यानंतरचे.

खरी अडचण येथेच आहे, आणि रमाबाईंचे चाहतेही तिच्याकडे पाहत नाहीत. कोणता मराठी शब्द त्याज्य आणि कोणता निर्मळ, हे मूळ ग्रंथ सांगत नाही. तो निर्णय अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या संस्कृतज्ञ मुलीचा होता. मानवी मतापासून वचन वेगळे राखण्याच्या या खटाटोपात ओळीओळीवर एका व्यक्तीचे मत उमटले आहे. जुन्या मिशनरी अनुवादाशेजारी ठेवून तो वाचावा. रमाबाई कोठे ग्रंथाचे ऐकतात आणि कोठे ग्रंथाला आपले ऐकायला लावतात, हे शब्दागणिक दिसू लागते.