पोरांच्या लाडवात शिसे कुणी कालवले?

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमध्ये काय, अन् महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत काय, १४ एप्रिलला पोरांच्या हातात बुंदी पडते ती बहुधा रद्दी वर्तमानपत्रात. १ जुलै २०१९ पासून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळण्यास कायद्याने बंदी आहे. गरम, तेलकट पदार्थात शाई उतरते, आणि पुनर्वापराच्या कागदात धातूंचे अंश असतात. (आम्ही लिहितो आहोत तो कागदही उद्या कुणाच्या जिलेबीखाली जाईलच!) शिवाय पिवळ्या रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ, चांदीच्या वर्खाच्या नावाखाली ॲल्युमिनियम.

शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मुलांच्या मेंदूवर घाला घालते. शिसे जात विचारत नाही, असे कुणी म्हणेल. पण शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे ज्या घरात दूध-भाजी नाही, त्याच घरातल्या पोराच्या रक्तात ते जास्त जाते. ज्याला शिकवण्यासाठी आई चिखलात रोवणी करते, त्याचीच बुद्धी मारली जाते. पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ते कुणासाठी?

२०१५ साली मॅगीत शिसे सापडल्याचे सांगून बंदी घातली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नैसर्गिक न्याय पाळला नव्हता, आणि चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नव्हती. न्यायालयाला आम्ही दोष देत नाही. ज्या सरकारला धड नमुना तपासता येत नाही, ते वस्तीतल्या बुंदीचे काय तपासणार? उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, इजा झाली नसेल तर, असुरक्षित अन्न विकण्याची कैद सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली. दंड तेवढा तीन लाखांपर्यंत वाढवला. दंड काय, गिऱ्हाइकाच्याच खिशातून वसूल होतो!

तरीही अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४० आपल्या हातात आहे. खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगून कुणीही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. पदार्थ नियमबाह्य ठरला तर फी परत मिळते. पण रोजमजुराने आधी ती भरायची कुठून? विहार समित्यांनी वर्गणीतून भरावी, आणि पहिला नमुना आपल्याच जयंतीच्या बुंदीचा द्यावा.