आडनावाच्या मागे लागून पूर्वज सापडत नाही

परभणीहून परळीकडे जाताना पोखर्णी नृसिंह हे रेल्वे स्टेशन लागतं. इथला नृसिंह मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत. आपल्या मंडळात हल्ली आपलं मूळ शोधण्याचा उत्साह आहे आणि तो मला मनापासून आवडतो. पण बहुतेकांचा शोध आडनाव आणि कुलदैवत यांपाशीच संपतो. एवढ्यावर पूर्वज हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पोखर्णीत राहणाऱ्याला पोखर्णीकर कोण म्हणेल? तिथे सगळेच पोखर्णीचे. हे नाव चिकटतं ते गाव सोडून परभणीला, हैदराबादला गेलेल्याला. घराणं गावात किती पिढ्या होतं, हे त्यावरून कळत नाही. एकाच गावावरून नाव पडलेल्या दोन घरांची जातसुद्धा वेगळी असू शकते. कुलकर्णी, देशपांडे तर वतनाची नावं, ती शेकडो गावांत. आणि नृसिंहाला कुलदैवत मानणारं प्रत्येक घर पोखर्णीचंच, असंही नाही.

परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. जुने कागद उर्दूत, काही मोडीत. त्यांत पुष्कळदा आडनाव नसतंच. 'मारोती वल्द गणपती', म्हणजे गणपतीचा मुलगा मारोती, एवढंच. म्हणून नुसतं आडनाव घेऊन तहसिलीत गेलेला माणूस हात हलवत परत येतो. गाव, जमिनीचा जुना सर्व्हे नंबर आणि आजा-पणजाचं नाव घेऊन जावं, 1954-55चं खासरा पत्रक मागावं आणि तिथून मागे सरकावं. कुणबी नोंदींसाठी 2023मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली! ते वाचणारे आज हाताशी आहेत, तोवर घरातले कागद त्यांना दाखवून घ्यावेत.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पणजोबा-पणज्या मिळून आठ माणसं, त्यांतल्या एकाचं आडनाव आपल्याकडे आलं. बाकीच्या सातांचं काय? कागदात बाई येते ती 'गंगूबाई भ्र. रामराव' अशी. नवऱ्याचं नाव आहे, माहेर नाही. लग्नात नाव बदललं असेल तर बापाने ठेवलेलं नावही गेलं. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई आडनावाशिवाय सातशे वर्षं लोकांच्या ओठांवर आहे. आपल्या पणजीचं माहेर मात्र आपल्याला चार पिढ्यांत सांगता येऊ नये?

मंडळाने कुटुंबांच्या माहितीचा जो तक्ता ठरवला आहे, त्यात आडनावाच्या रकान्याआधी प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि गाव हा रकाना घालावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. तो भरायला दफ्तर लागत नाही. गावाकडच्या आत्याला, मावशीला फोन लावा. तिच्या आजीला मुराळी कोणत्या गावाहून यायचा, तेवढं विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.