वय विचारणे हे न्यायालयाचे कर्तव्य

पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये दोन बालकांसह सात जणांची हत्या झाली. त्या खटल्यातील एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी या आरोपीचे वय साडेबारा वर्षांचे होते. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. गुन्हा घडला तेव्हा लागू असलेल्या १९८६ च्या बाल न्याय कायद्यानेही १६ वर्षांखालील मुलाला फाशी देता येत नव्हती. कायदा होता, राजस्थानातील शाळेत वयाची नोंदही होती. ती वेळेवर न्यायासनापुढे आली नाही, एवढेच.

त्या गुन्ह्याचे क्रौर्य कोणीही कमी लेखू नये. परंतु गुन्हा भीषण असला म्हणजे तो करणारा प्रौढच असला पाहिजे, असे अनुमान काढता येत नाही.

याच पुण्यात मे २०२४ मध्ये भरधाव मोटारीने दोन तरुणांचा बळी घेतला. चालक १७ वर्षांचा, सधन घरातील मुलगा होता. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. लोकक्षोभ उसळल्यावर हा आदेश बदलला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटकही झाली. हा क्षोभ समजण्यासारखा आहे. मात्र त्यातून मुलांना कठोर शिक्षा द्या, अशी मागणी पुढे येते, तिच्याशी आम्ही सहमत नाही. कायद्याने मुलाला दिलेली सवलत हा दोष नव्हे. ती सवलत वकील आणि पैसा असलेल्याच्या दारी तत्काळ पोचते आणि मजुराच्या मुलाकडे पोचायला २८ वर्षे लागतात, हा खरा दोष आहे.

२०१५ च्या कायद्यानुसार वयाचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. परंतु हा दावा करणार कोण? स्थलांतरित कुटुंबातील, अर्धशिक्षित मुलाला असा अधिकार आहे हेच ठाऊक नसते. म्हणून आरोपी प्रथम हजर केला जाईल तेव्हाच दंडाधिकाऱ्याने वयाची चौकशी करून तिची नोंद केली पाहिजे. शंका आली, तर शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद त्याच्या मूळ गावाहून मागवण्याचे काम पोलिसांवर सोपवावे. कायद्याने अस्थिचाचणीला शेवटचे स्थान दिले आहे, ते तसेच राहावे. तिच्यातून वयाचा केवळ अंदाज कळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्याच दिवशी उपस्थित असावा. आणि संशय उरला, तर त्याचा फायदा मुलाला मिळावा.

या सुधारणांना फारसा पैसा लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती. ती निर्माण होईपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम करावे. वस्तीतल्या, वीटभट्टीवरच्या किंवा ऊसतोडणीच्या टोळीतल्या मुलाला पोलिसांनी नेले, की शाळेचा दाखला घेऊन पहिल्या तारखेला न्यायालयात हजर राहावे. कागदाचा तो एक तुकडा वेळेवर पोचला, तर एखाद्याचे सारे तारुण्य वाचते.