बापलेकांची गिटार

‘क्वीन’ या जगद्विख्यात रॉक-वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याचे चरित्र वडीलधाऱ्यांनी व मुलांनी एकत्र बसून वाचण्याजोगे आहे. १९६३ साली, चांगली गिटार विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे, सोळा वर्षांच्या ब्रायनने वडील हॅरोल्ड यांच्या साहाय्याने ती घरीच घडविण्यास आरंभ केला. दांडीस जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, तर स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या! हीच गिटार पुढे ‘रेड स्पेशल’ या नावाने जगभर गाजली.

परंतु १९७४ च्या सुमारास खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट टाकून चिरंजीव सर्वस्वी संगीताकडे वळले, तेव्हा वाद्य घडविणाऱ्या त्याच पित्यास फार क्लेश झाले. त्यांस कोणी हसू नये. आपल्यापैकी कोणाही गृहस्थास तसेच वाटले असते. पुढे सूर्याभोवतीच्या धूलिकणांच्या गतीविषयीचा प्रबंध पुरा करून ब्रायनने २००७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट मिळविली. पण ती पाहावयास वडील नव्हते. ते १९८८ मध्येच निवर्तले होते.

हाती घेतलेले काम मुलांनी तडीस न्यावे, हा बोध उघडच आहे. परंतु मुलाच्या छंदास हातभार लावणाऱ्या बापानेही, तो छंद मुलास कोठवर नेईल याची मनाशी तयारी ठेवावी, असे आम्हांस वाटते.