टाळी वाजवल्याबद्दल लाल कार्ड

फुटबॉलमधला बचावपटू तसा दुर्लक्षित माणूस. गोल झाला की नाव आघाडीच्या खेळाडूचं, गोल बसला की चूक बचावाची. नव्वद मिनिटांत एकदा पाय घसरला तर तेवढाच लोकांच्या लक्षात राहतो. घरातल्या पहिल्या पदवीधरांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.

कालिदू कुलिबाली असाच बचावपटू. आईवडील सेनेगलचे, जन्म १९९१ चा, फ्रान्समधला. मेट्झ, मग बेल्जियममधला गेंक आणि २०१४ पासून आठ वर्षं इटलीतला नापोली. फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघातून खेळलेला हा खेळाडू पुढे सेनेगलकडून खेळू लागला. एप्रिल २०१८ मध्ये युव्हेंटसच्या मैदानावर नव्वदाव्या मिनिटाला त्यानं हेडरवर गोल केला आणि नापोली शहर रस्त्यावर उतरलं.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला मिलानच्या सान सिरोमध्ये इंटरविरुद्ध सामना होता. कुलिबालीकडे चेंडू आला की प्रेक्षकांतून माकडाचे आवाज यायचे. नापोलीच्या बाकावरून सामना थांबवण्याची मागणी झाली. प्रशिक्षक आन्चेलोत्तींच्या म्हणण्यानुसार तीनदा. ध्वनिक्षेपकावरून सूचना झाल्या, खेळ चालूच राहिला. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास कुलिबालीला एका फाउलबद्दल पिवळं कार्ड मिळालं. त्यानं पंचासमोर उपहासानं टाळ्या वाजवल्या. लगेच दुसरं पिवळं, म्हणजे लाल. तोवर गोलशून्य असलेला सामना नापोलीनं जादा वेळेत गमावला.

इंटरला दोन सामने रिकाम्या मैदानात खेळायची शिक्षा झाली. कुलिबालीवरही दोन सामन्यांची बंदी आली, आणि तिच्याविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं.

नियमाप्रमाणे लाल कार्ड बरोबरच होतं, हे मला मान्य आहे. पंचाची खिल्ली उडवली की कार्ड मिळतं. पण सामना थांबवायचाही नियम होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये रोममध्ये लाझिओविरुद्ध याच कुलिबालीला असेच आवाज ऐकावे लागले, तेव्हा पंच इराती यांनी खेळ काही मिनिटं थांबवला होता. म्हणजे अधिकार होता, तो वापरताही येत होता. सान सिरोत एक नियम तत्काळ लागू झाला आणि दुसरा कागदावर राहिला. जातीचा कारभार आपल्या संस्थांत असाच चालतो. नियमांची कमतरता कुठेच नसते. कोणता नियम कुणासाठी धावत येतो, एवढंच पाहायचं.

माझ्या पीएचडीच्या प्रगती सेमिनारमध्ये एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विषयावर एकही प्रश्न न विचारता विचारलं, ‘कोणत्या कोट्यातून आलात?’ मी हसून म्हणालो, ‘धन्यवाद सर, माझ्या पद्धतिशास्त्रावरचा प्रश्न आवडला.’ अहवालात माझ्या वर्तनाविषयी एक ओळ आली. त्यांच्या प्रश्नाविषयी काहीच नाही.

यशानं हे मिटतं, असं सांगणारे भेटतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर, भारत उपांत्य सामना हरल्यावर जातिवाचक शिवीगाळ आणि फटाके झाले. मधे पाच दिवसही नव्हते गेले. कुलिबालीला त्याच २०१८-१९ च्या हंगामात इटालियन लीगनं सर्वोत्तम बचावपटू ठरवलं, पुढे सेनेगलचा कर्णधार म्हणून त्यानं आफ्रिका चषक उचलला. छानच. पण ते आवाज तो कमी चांगला खेळत होता म्हणून आलेच नव्हते, मग चांगलं खेळून थांबतील कसे?

सान सिरोतल्या रात्रीनंतर कुलिबालीनं लिहिलं की आपल्याला आपल्या कातडीच्या रंगाचा अभिमान आहे. फ्रेंच, सेनेगली, नापोलीकर, माणूस असल्याचा अभिमान आहे. मला मात्र आन्चेलोत्तींचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढच्या वेळी आम्हीच मैदान सोडू, सामना गमवावा लागला तरी, असं ते म्हणाले. म्हणजे शिवी एकाला, पण बाहेर पडायचं अकरा जणांनी.

माझ्या सेमिनारला विभागातले बरेच जण बसले होते. नंतर जिन्यात एक मैत्रीण म्हणाली, ‘फार चुकीचं झालं रे.’ मी विचारलं, मग आत का नाही बोललीस?

पुढच्या महिन्यात तिचा सेमिनार होता.